सासूबाईंचे किलोमीटर

डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, रोज पाऊण तास सायकल चालवायची."

आमच्या सासूबाईंनी विचारलं, "कुटं जायाला?"

"कुठेच नाही. घरातच. ती सायकल एका जागी उभी असते. आपण बसायचं आणि पाय मारायचे."

"मंग पोचायचं कुटं नाय?"

"नाही."

"आनि काय घडनार पन नाय?"

"घडेल ना. साखर उतरेल."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. ह्या शहाण्याला मीच पढवून ठेवलंय, असा त्यांचा चेहरा होता. मी पंख्याकडे बघत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर तिथेच भांडण झालं असतं आणि बाहेर बारा पेशंट बसले होते.

झालं होतं ते असं. सासूबाई, म्हणजे जिजाबाई, शिंगाळा मासा साफ करत होत्या. तो हातातून निसटला आणि त्याचा काटा त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीत घुसला. ज्या बाईने चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकली, तिला आपल्याच स्वयंपाकघरात मेलेल्या माशाने जखमी करावं, याचा त्यांना इतका अपमान वाटला की पंधरा दिवस त्यांनी ती जखम आम्हाला दाखवलीच नाही. दाखवली तेव्हा बोट काळपट पडायला लागलं होतं. तपासणीत साखर निघाली, आणि तीही कालपरवाची नव्हे. तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, ड्रेसिंग करू, गोड पूर्ण बंद. जखमेमुळे चालायचं नाही, पण बसल्या बसल्या पाय हलले पाहिजेत. तीन महिने बघू. साखर उतरली नाही, जखम भरली नाही, तर करंगळी काढावी लागेल.

"काडा म्हनावं," रिक्षात बसता बसता सासूबाई म्हणाल्या. "दा हायत."

त्यांना विनोद सुचत होते. मी मात्र करंजाड्याला घरी पोचेपर्यंत रिक्षात तोंड वळवून रडले. माझ्या बी.एड.च्या दोन वर्षांत ह्या बाईने मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. पहाटे चारला उठून माझा डबा करायच्या, मग मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायच्या. मी आज कामोठ्याच्या क्लासमध्ये दहावीला गणित शिकवते ते त्या डब्यांच्या जिवावर. आणि ही बाई बोटांची वजाबाकी करत बसली होती.

सुभाषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कामोठ्यात बंद पडलेल्या एका जिममधून व्यायामाची सायकल उचलून आणली. हॉलच्या खिडकीशी ठेवली. समोर छोटा मीटर, त्यावर किलोमीटर दिसतात. पहिल्या आठवड्यात त्या सायकलवर एक टॉवेल, दोन परकर आणि हँडलला बांधलेली सुक्या बोंबलांची माळ एवढं चढलं. सासूबाई तेवढ्या चढल्या नाहीत.

"आई, बसा ना. पाचच मिनिटं."

"रिकामे पाय मारायला मी काय येडी हाय? वल्हं मारलं तर होडी फुडं जाया पायजे. वरवंटा फिरला तर वाटन निगाया पायजे. हितं काय निगतं?"

"तब्येत निघते, आई."

"ती दिसतं कुटं?"

मी समजावून बघितलं. रागावून बघितलं. एकदा सायकलवर बसून चालवून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "बरं करतंस, तुझं पोट पन सुटलंय." त्या दिवशी मी क्लासमध्ये तीन मुलांना विनाकारण झापलं.

तोडगा सुभाषने काढला. तो कंटेनर यार्डात फिटर आहे. ह्या माणसाला कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नाही. दोन रविवार त्याने हॉलचं गॅरेज केलं. घरातला दगडी पात्यांचा ग्राइंडर घेतला, त्याची मोटर काढून टाकली, सायकलच्या चाकाला पट्टा लावला, मध्ये एक जुनी पुली बसवली. सोफ्याला ग्रीस लागलं, माझ्या चांगल्या ओढणीची चिंधी झाली, पण शेवटी सायकल मारली की दगड फिरायला लागला.

"आये, आता बोल," सुभाष म्हणाला. "आता वाटन निगतं."

सासूबाईंनी भांड्यात खोबरं, मिरच्या, कोथिंबीर, लसूण टाकलं. साडी खोचली, पायाला पट्टी बांधलेली होती ती टाचेवर जोर देऊन सांभाळली आणि पाय मारायला लागल्या. दहा मिनिटांनी बोटाने वाटण चाखलं.

"गरम झालं नाय," त्या म्हणाल्या. "मिक्सरमंदी गरम होतं. ह्यो पाट्यासारका हाय."

त्यांच्या तोंडून मिक्सरच्या आसपासच्या कुठल्याही वस्तूचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. पहिल्या दिवशी मीटरवर दीड किलोमीटर आले. मी सुभाषला चहा करून दिला, तोही न मागता.

पण तीन माणसांच्या घरात वाटणार तरी किती? आठवड्याभरात आम्ही आंबोळ्या खाल्ल्या, घावणे खाल्ले, मेदूवडे खाल्ले, इडल्या खाल्ल्या. सुभाष रात्री ताटाकडे बघून विचारायचा, "आजपण पीठच?" फ्रिजमध्ये हिरव्या वाटणाचे सहा डबे साठले. तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं की शेजारणींचं वाटण, पीठ त्या करून देतील. बसल्या बसल्या पाय हलतील आणि चार घरांचं कामही होईल.

मी हो म्हटलं. गणिताची पदवी असलेल्या बाईने हो म्हटलं, हे लक्षात ठेवा.

पहिली डाळ समोरच्या सत्यवतीबाईंची आली. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलण्यात गोड. मग तिसऱ्या मजल्यावरची अंकिता आली, ती घरून कॉम्प्युटरवर काम करते. मग कुणीकुणी येत राहिलं. आमच्या सोसायटीत दोन वर्षं कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि आता लिफ्टमध्ये बायका मला विचारायला लागल्या, "जिजाआजींचं आवरलं का हो?" मी आणि सुभाष सकाळी आठला बाहेर पडायचो, संध्याकाळी यायचो. आल्याबरोबर मी चपला काढायच्या आधी मीटर बघायचे. चार किलोमीटर. सहा. आठ. एका मंगळवारी अकरा.

माझा ऊर भरून आला. मी आलेख काढला. क्लासमधला आलेखाचा कागद आणला, आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर किलोमीटर, आणि रोज एक ठिपका. रेघ अशी काही वर चढत होती की मी तो दहावीच्या पोरांना दाखवला. सत्तर वर्षांची बाई रोज अकरा किलोमीटर सायकल मारते, आणि तुम्हाला एक प्रमेय पाठ होत नाही, असं मी त्यांना ऐकवलं. आज त्या पोरांची माफी मागावीशी वाटते.

तीन महिने संपले. रक्त तपासलं. सरासरी नऊ पूर्णांक नऊ.

"सायकल चालवतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मी पर्समधून आलेख काढून त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी आलेख बघितला. मग रिपोर्ट बघितला. मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र फार मन लावून बघत होत्या.

"हा आलेख कुणाचा आहे?" डॉक्टर म्हणाले.

"यांचाच."

"हे पाय रोज अकरा किलोमीटर जात असतील तर ही साखर अशी असणार नाही, मॅडम." त्यांनी पट्टी सोडून करंगळी दाबून बघितली. ती अजून ओली होती, आणि काळपटपणा जरासा वर सरकला होता. "अजून चार आठवडे देतो. त्यानंतर मी थांबणार नाही. करंगळीवर भागतंय तोवर भागवू."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच आकडेमोड चालली होती, आणि ती काही केल्या जुळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी आठला निघाले, दोन तास शिकवलं, आणि डोकं दुखतंय सांगून अकराच्या सुमाराला परत आले. दाराबाहेर सहा जोड चपला होत्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. दार नुसतं लोटलेलं होतं.

सायकलवर अंकिता होती. कपाळावर रुमाल बांधलेला, घामाने डबडबलेली, पाय जोरात मारत होती. तिच्या शेजारी सत्यवतीबाई घड्याळ हातात धरून उभ्या होत्या. सोफ्यावर चार बायका आपापले डबे मांडीवर घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. आणि मध्यभागी, बाजारातून जपून आणलेल्या आपल्या पाटावर, डावा पाय उशीवर ठेवून, जिजाबाई विराजमान होत्या. हातात शिऱ्याची वाटी होती.

"काय गो, पाय हायत का काय हाय? दाब जरा!" त्या अंकिताला म्हणत होत्या. "डाल अजून रवाल हाय. आनि तू गो, तुझा नंबर तिच्या मागं, मदे घुसू नको. मी बगते हा!"

"आजी, दहा मिनिटं झाली," अंकिता धापा टाकत म्हणाली.

"मंग उतर. सत्यवती, तू चड."

सत्यवतीबाई चढायला निघाल्या आणि त्यांना मी दिसले. मग सगळ्यांनाच दिसले. दगड दोन फेऱ्या घेऊन थांबला.

"रोज असंच चालतं का?" मी विचारलं. आवाज शांत ठेवायचा फार प्रयत्न केला.

सत्यवतीबाई गोंधळल्या. "अहो संजना, मग काय करणार? आमची डाळ वाटायला त्यांनी पाय मारायचे आणि आम्ही बघत बसायचं? सत्तरीची बाई! पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, जिजाताई, तुम्ही बसा, मी चालवते. बरं वाटतं का ते?"

"आणि हा शिरा?"

"आता त्या पैसे घेत नाहीत. मग डबा रिकामा कसा द्यायचा हातात? कुणी शिरा आणतं, कुणी लाडू. परवा अंकिताने बासुंदी आणली होती."

"मी साखर कमी घातली होती," अंकिता घाईघाईने म्हणाली.

"मला तर फारच फरक पडला हो," सत्यवतीबाई उत्साहात आल्या. "माझी साखर गेल्या आठवड्यात एकशे आठ! डॉक्टर म्हणाले, काय करता तरी काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला, अगदी खरोखर, आवाज येईल असा. सगळी इमारत धडधाकट झाली होती. सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत बायकांच्या साखरा उतरल्या होत्या, गुडघे मोकळे झाले होते. माझा आलेख बरोबर होता. फक्त तो अंकिताचा आणि सत्यवतीबाईंचा आणि नाव माहीत नसलेल्या चौघींचा होता. आणि ह्यातल्या एकीलाही बोल लावता येत नव्हता, कारण प्रत्येक बाई नीटच वागली होती.

बायका डबे सावरत निघून गेल्या. मी सुभाषच्या पेटीतून पाना काढला, पट्टा सोडवला आणि गुंडाळून माझ्या पर्समध्ये टाकला.

"ते काय करतंस?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा बाजार बंद करते. बोट जाणार आहे तुमचं, आई! कळतंय का तुम्हाला? चार आठवडे उरलेत. मी वेड्यासारखी रोज ठिपके काढत होते आणि तुम्ही इथे बासुंदी खात होता. मी मीटर बघायचे तेव्हा गप्प बसायच्या! हसायच्या माझ्याकडे बघून!"

"मी कंदी बोलले का मी चालवला? तू इचारलंस कंदी?"

हे खरं होतं, आणि म्हणून मला जास्त राग आला. "ह्या सगळ्याजणी तुमच्यापेक्षा लहान आहेत, धडधाकट आहेत, त्या चालवतात. आणि तुम्ही पाटावर बसून ऑर्डरी सोडता!"

सासूबाईंनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. त्या ओरडल्या नाहीत, तेच मला अवघड गेलं.

"चालीस वर्सं चालले मी, संजना. डोक्यावर पाटी घेऊन. बंदरावरनं गाडी, गाडीवरनं बाजार, बाजारातनं गल्ली. घरी आले का पानी भरा, वाटन वाटा, तुझ्या सासऱ्याची जाली शिवा. तवा घरात यंतर कुटं होता? मीच होते. रोज वाटायचं, एक दिस मी पन बसंन आनि पाय दुसऱ्या कोनाचे चालतील. आता तो दिस आलाय. लोकं इच्छेनं पाय मारतात, मला आजी बोलतात. आनि तू बोलतंस, उट, पाय मार. कशाला मारू? ह्या पायांनी मारायचं तेवडं मारलं."

मी पर्सची चेन लावली.

"बोट जाईल," मी एवढंच म्हटलं.

"जाऊ दे."

"मग पाऊल जाईल. मग तुम्ही जाल. मला नकोय तसं. मला तुम्ही पाहिजे आहात, आई, करंगळीसकट."

त्या उशी काखेत मारून आत निघून गेल्या.

मध्ये दोन दिवस गेले. पट्टा माझ्या पर्समध्ये कामोठ्याला जाऊन परत येत होता. बायका दारावर यायच्या, दबक्या आवाजात काहीतरी विचारायच्या, जायच्या. सुभाष दोघींच्या मध्ये ताट घेऊन बसायचा आणि भातात बोट फिरवायचा. एकदा तो म्हणाला, "मी मोटर परत लावू का?" तेव्हा आम्ही दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे असं बघितलं की तो जेवण अर्धवट टाकून टेबलावरून उठला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली बसून त्यांच्या करंगळीचं ड्रेसिंग करत होते. कापूस फिरवताना वरून आवाज आला.

"किती बोललीस तू?"

"काय किती?"

"किलोमीटर."

मी मान वर केली नाही. "दहा."

"दाला काय अख्खी सुरमई देतंस? दोन."

"आई, हा बाजार नाही."

"दोन."

"आठ."

"तीन. जा, दुसरीकडं इचार, मिलतात का बग."

"सात. शेवटचं सांगते."

"शेवटचं कोन असं लगेच बोलतं काय? तुला गिऱ्हाइकी पन करता येत नाय." त्यांनी दुसरा पाय पसरला. "चार."

"सहा."

"पाच. आनि एक अट."

"कसली?"

"मी पाय मारीन तवर तू हितं बसायचं. माझ्या शेजारी."

"बसते ना. तपासायच्या वह्या आणते—"

"वह्या नाय. फोन नाय. भाजी निवडायला घेऊन नाय. हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं. लगीन झाल्यापासनं तुला बसलेली मी बगितली नाय."

"आई, मला तेवढा वेळ कुठे आहे?"

"मंग मला पन नाय," असं म्हणून त्यांनी पाय माझ्या हातातून काढून घेतला. पट्टी अर्धी सुटून लोंबकळत राहिली.

शेवटी मीच नमले आणि सौदा पाचवर ठरला. मी जन्मात केलेला हा सगळ्यात वाईट सौदा होता, हे मला पहिल्याच संध्याकाळी समजलं. पाच किलोमीटरला त्यांना चाळीस मिनिटं लागत. ग्राइंडरचा पट्टा नव्हता, तेव्हा चाक नुसतंच फिरायचं. आणि मी समोरच्या खुर्चीत. मला कोपऱ्यातलं कोळिष्टक दिसायचं. धुवायचे पडदे दिसायचे. कुकर लावायचा राहिलाय हे आठवायचं. माझ्या मांडीवरचे हात आपोआप सोफ्याच्या कव्हरचे सुटलेले दोरे ओढायला लागायचे. दोनदा मी गॅस बघायला म्हणून उठले, आणि मी खुर्ची सोडल्याबरोबर चाक थांबलं. सासूबाई पेडलवर पाय तसेच ठेवून वाट बघत बसल्या. मी परत येऊन बसले तेव्हा चाक सुरू झालं. माझी चिडचिड व्हायची, आणि ती करायलाही बसूनच करावी लागायची.

बायकांचं मी मार्गी लावलं. सत्यवतीबाईंकडे गेले, सगळं स्पष्ट सांगितलं. सुभाषने गाड्यांच्या जागेत एक दुसरी जुनी सायकल उभी केली आणि ग्राइंडर तिला जोडून दिला. आता बायका तिथे पाय मारतात आणि सासूबाई सकाळी लिफ्टने खाली जाऊन पाटावर बसून नंबर लावतात. डबे अजूनही रिकामे येत नाहीत, पण त्यात काकडी असते, मोड आलेले मूग असतात. सासूबाई ते मूग अशा चेहऱ्याने खातात की देणारीलाच वाईट वाटावं.

चार आठवड्यांनी शनिवारी डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर बघितली. ती बरीच उतरली होती. पट्टी सोडली. करंगळी कोरडी होती, कडेने नवी गुलाबी कातडी आलेली होती. त्यांनी दाबून बघितलं, उजेडात धरून बघितलं, आणि म्हणाले, "राहू दे हे बोट. पण सायकल थांबवायची नाही." मी काही बोलायच्या आधी सासूबाईंनी विचारलं, "पाचच ना?"

रविवारी दुपारी सुभाष यार्डात ओव्हरटाइमला गेला होता. जेवणं झाली. सासूबाई साडी खोचून सायकलवर चढल्या. मी खुर्चीत बसले, हात मांडीवर. गेले चार महिने मी रोज रात्री डोळे मिटले की ते काळं बोट दिसायचं. त्या दुपारी डोळे मिटले तेव्हा काहीच दिसलं नाही. चाकाचा एकसारखा आवाज येत होता.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर गेलं होतं. माझी मान एका बाजूला कलली होती, तोंडातून लाळ आली होती. चाक अजून फिरत होतं, अगदी हळू. सासूबाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता, पोलक्याची पाठ भिजली होती. मीटरवर नऊ पूर्णांक चार होते.

"आई!" मी ताडकन सरळ बसले. "पाच ठरले होते ना? पाचला उतरायचं सोडून हे काय चाललंय? परत जखम उघडली म्हणजे? कालच डॉक्टर काय म्हणाले? तुम्हाला काही सांगायचं म्हणजे—"

"वरडू नको गो."

"का नको? उतरायचं ना सरळ!"

"चाक थांबला का तू उटतंस," सासूबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, शब्द एकेक करून येत होते. "म्हैनाभर बगते मी. थांबले असते तर तुला जाग आली असती."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. चहा टाकावा, निदान त्यांचा पाय तरी बघावा, म्हणून मी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले.

त्यांनी पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.

"नीज," त्या म्हणाल्या. "दिवाबत्तीला अजून येल हाय."